त्र्याऐंशी टक्के सोनं

वैजयंता नेवारेच्या हुद्द्याचं नाव होतं भूसाक्षी. नाव भारदस्त, काम असं: लोकांनी टाकून दिलेल्या माळावर पत्र्याच्या केबिनमध्ये महिना दीड महिना एकटीनं राहायचं, यंत्रं वारुळं हुंगत फिरतात ती बघायची, आणि शेवटी एका फॉर्मवर सही ठोकायची. सहा वर्षांत तिनं एकोणीस माळ असे काढले होते. स्वतःशी बोलायची सवय पहिल्या माळावर लागली आणि सहाव्यावर सुटली, कारण बोलण्यासारखं उरलं नाही.

वारुळांचं शास्त्र सोपं आहे. वाळवीला ओल लागते. उन्हाळ्यात वरची जमीन करपली की ती ओलीच्या मागे खाली जाते, वीस-वीस मीटर जाते, आणि येताना तोंडात मातीचा कण घेऊन येते. हजारो वाळव्या, पन्नास पन्नास वर्षं. म्हणजे वारूळ हा जमिनीच्या पोटातला फुकटात वर आलेला नमुना. खाली तांबं असेल तर वारुळात तांब्याचा अंश सापडतो, सोनं असेल तर सोन्याचा. हे जुन्या लोकांनाही ठाऊक होतं. नवं होतं ते यंत्र. कुत्र्याएवढं, सहा पायांचं. वारुळावर लेझरचा एक झटका मारायचं, चिमूटभर माती जळून तिची ठिणगी उडायची, आणि त्या ठिणगीच्या उजेडात कुठले रंग आहेत यावरून कुठला धातू किती, ते कळायचं. दिवसाला चारशे वारुळं. ती सगळी माहिती 'पाताळ' नावाच्या प्रणालीकडे जायची. पाताळानं जगातल्या चाळीस हजार खाणी पाठ केल्या होत्या. ती एकच आकडा सांगायची: इथे खाली खाण निघण्याची शक्यता इतके टक्के.

सुरुवातीची दोन वर्षं आकडा सांगितला की भोकं पाडून तपासायचे. आकडा खरा निघायचा. इतका खरा निघाला की पुढे कोणी भोकं पाडेना. एका भोकाला लाखो रुपये लागतात, आकडा बसल्या जागी येतो.

आणि आकड्यावरच धंदा उभा राहिला. खाण चालवणारा माणूस वेगळा. डिझेल त्याचं, मजूर त्याचे, दरड कोसळली तर मढी त्याच्या गळ्यात. रॉयल्टीवाला मात्र काही करत नाही. निघालेला धातू विकला की विक्रीतले दोन टक्के त्याचे. खाणीला तोटा झाला तरी त्याचे. भूअंश कंपनीनं ह्या दोन टक्क्यांचे बारीक बारीक तुकडे केले आणि फोनवर विकायला काढले. तुकड्याचं नाव अंश. गाड्यांच्या बॅटऱ्यांना तांबं, निकेल, व्हॅनेडियम हवं होतं, आणि सोनं तर लोकांना कायमच हवं असतं. परिचारिका, पीटीचे मास्तर, रिक्षावाले, सगळ्यांच्या फोनात अंश होते. आकडा सत्तरवरून पंचाहत्तर झाला की पेढे. खाण मात्र एकही सुरू झालेली नव्हती. कुदळ न लागलेल्या जमिनीचे अंश चार हात फिरून पाचव्याच्या गळ्यात पडत होते, आणि पाचवा सहावा शोधत होता.

यंत्राला एकच गोष्ट फसवू शकत होती: माणूस. कोणी माती आणून टाकली, कोणी काही मिसळलं, तर पाताळाला ते कळायला मार्ग नव्हता. म्हणून कायद्यानं एक जिवंत माणूस मागितला होता. त्याच्या फॉर्मवर बावीस प्रश्न. चौदावा असा: 'या जागी पूर्वी मनुष्याने धातूसंबंधी कोणतेही काम केल्याचे आपणास ज्ञात आहे काय?' वैजयंतानं एकोणीस वेळा 'नाही' लिहिलं होतं, आणि ते खरं होतं.

विसावा माळ पळसबोडीचा निघाला.

गोंदियाच्या कार्यालयात नकाशा उघडला तेव्हा तिनं गावाचं नाव पुन्हा वाचलं आणि माळ स्वीकारला. पळसबोडीत ती जन्मली होती. बाराव्या वर्षी आश्रमशाळेत गेली ती परत राहायला आली नव्हती. नागपुरात कोणी विचारलं तर सांगायची, बाप धानाची शेती करायचा. बापाकडे शेती कधीच नव्हती. ते सोनझारी. उमरनाल्याच्या काठी चाळीस घरं.

सोनझारी काय करतात हे ज्यांच्या अंगावर सोनं आहे त्यांना माहीत नसतं. सोनार कानस मारतो, घासतो, त्याची धूळ फरशीवर पडते, हातापायाला लागते, धुतल्यावर मोरीतून नालीत जाते. वैजयंताची माय, आत्या, आजी, तिची आजी, सगळ्या पहाटे तालुक्याच्या सराफ ओळीत जायच्या. दुकानं उघडायच्या आत नाल्या उपसायच्या. लोकांची थुंकी, मूत, मेलेली घूस, सगळं पोत्यात. पोतं डोक्यावर, सात किलोमीटर. मग उमरनाल्यात लाकडी परातीत ते धूत बसायचं, दिवसभर, पाण्यात. शेवटी तळाशी काळी रेती राहिली की तिच्यात पारा घालून हातानं चोळायचा. पारा सोनं धरतो. मग तो गोळा चुलीवर तापवायचा. पारा धूर होऊन जातो, मुगाएवढं सोनं राहतं. ते त्याच सोनाराला विकायचं, तो म्हणेल त्या भावानं. धूर मात्र घरातच राहायचा. वैजयंताची माय बेचाळिसाव्या वर्षी गेली तेव्हा तिला स्वतःच्या हातानं घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता, इतके हात कापायचे.

आता, माळावर महिना काढल्यावर, केबिनमधल्या पडद्यावर उमरनाल्याच्या दोन्ही काठांनी लाल पट्टा उमटला होता. सोनं. तांबं. चांदी. आणि पारा. पाताळाला पारा फार आवडतो, कारण खऱ्या सोन्याच्या शिरांजवळही तो सापडतो. जिनं माय खाल्ली तीच चीज आकडा वर चढवत होती. त्र्याऐंशी.

वैजयंतानं तपशील खाली सरकवला. कॅडमियमही होतं. सोनार दागिन्याला डाग देताना, म्हणजे सांधा जोडताना, वापरायचे ते. हा खडक नव्हता. ही सराफ ओळीची नाली होती, चार पिढ्यांनी डोक्यावर वाहून आणलेली.

"मॅडम, सही कधी?" भूअंशचे अलोणे साहेब पडद्यावरून विचारत होते. चांगला माणूस. दिवाळीला न चुकता फराळाचा डबा पाठवायचा.

"सर, चौदाव्या प्रश्नाचं जरा बघते."

"त्यात बघायचं काय? तो प्रश्न नाही हो, ती टिकमार्क आहे. सोमवारी अंश खुले होतायत. पळसबोडीसाठी नोंदणी किती झालीय माहितीये? एक लाख दहा हजार लोक."

"भोक पाडून बघायचं का एखादं? चार मीटर पुरे."

अलोणे हसले. "आणि खाली काही नाही निघालं तर? तुम्ही फार दिवस एकट्या राहता, सुट्टी घ्या सही झाल्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकराम आला. तिच्या चुलत्याचा मुलगा, तिच्याहून चार वर्षांनी मोठा. नव्या बॅटरीच्या गाडीवर, मागे डब्यात वांग्याची भाजी. अठरा वर्षांत तो तिला एकदाही भेटायला आला नव्हता. आल्यावर केबिनभर फिरला, खुर्ची दाबून पाहिली.

"लय साहेबीन झाली वं तू. पंखा थंडा फेकते काय हा?"

"बस ना भाऊ."

"बसाले नाही आलो. चाळीस घराईनं मले पाठवलं." तो बसलाच. "आमची जागा गेली, मालूम आहे ना तुले? कंपनीले देल्ली. पैसे नाही घेतले, अंश घेतले. सोमवारी खुले झाले का त्याच दिवशी विकतो. एका एका घराले बावीस लाख येते म्हनते."

"भाऊ, ते सोनं कुठलं आहे तुला ठाऊक आहे."

टेकरामनं तिच्याकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं. चाळीस घरांत ज्याला ठाऊक नाही असं एक पोर नव्हतं.

"आपलं आहे," तो म्हणाला. "आपल्या मायमाऊलीच्या हातातून सांडलेलं."

"सगळं मिळून किलोभर निघायचं नाही. विकत घेणारे बुडतील."

"बुडू दे."

"ते सोनार नाहीत भाऊ. नर्सा आहेत, रिक्षावाले आहेत."

"ज्याच्या नाल्या आपन उपसल्या ते कोन होते? तेयच्यातले कोन आले तुझ्या मायच्या मयतीले?" त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "चार पिढ्या तेयची घान आपन डोक्यावर आनली. आता तेच लोक थे घान पैसे देऊन वापस घेऊन राहिले. तुले फक्त नाही म्हनून लिवाचं आहे. तू नागपुरात जातच लपवते, मंग इथं एक ओळ लपवाले का झालं तुले?"

हे तिला लागलं, कारण त्यात खोट नव्हती. टेकराम गेल्यावर भाजीचा डबा तिनं उघडला आणि उभ्यानं खाल्ला. मायच्या हातची चव होती. कोणी केली होती ते विचारायचं राहून गेलं.

दुपारी ती वस्तीत गेली. लोक खाटेवरून उठून उभे राहिले, बोलले, हसले, आणि प्रत्येकाची नजर तिच्या हातातल्या टॅबलेटवर होती. दुरपताआत्या नाल्याकाठी एकटी बसली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, सोनझारीकाम केलेली शेवटची बाई. हात मांडीवर ठेवले होते आणि ते मांडीवर थरथरत होते, जणू दुसऱ्याच कोणाचे.

"आत्या."

"ये वं वैजू. बस. पान्यात पाय नको सोडू, पारा आहे म्हनते त्याच्यात." आत्या दात नसलेल्या तोंडानं हसली. "आमी जनम काढला, आन आता मशीन सांगते पारा आहे."

वैजयंतानं तिला सगळं सांगितलं. आकडा काय, अंश काय, फॉर्म काय. आत्यानं मध्येच विचारलं, "या कागदावर तू जे लिवशीन थे कोन ठेवते?"

"सरकार. कायमचं राहतं ते."

आत्या पाण्याकडे वळली.

"आमी इथं होतो असा एक बी कागुद नाही," ती म्हणाली. "मतदारयादीत नाव आलं मले चाळीस झाल्यावर. तुझी माय इथं तेवीस वर्सं पान्यात बसली. कोनत्या कागदावर आहे? मेल्याचा दाखला बी नाही भेटला तिचा." मग थरथरता हात तिनं वैजयंताच्या गुडघ्यावर ठेवला. "लिवाचं असन तं नाव नीट लिवजो. सुगरता. लोकं सुगंधा लिवते."

वैजयंता केबिनवर परतली. ऊन कलायला अजून वेळ होता. चौदाव्या प्रश्नापुढे तिनं 'होय' लिहिलं. खाली तपशिलाला जागा होती, फार तर चार ओळींची, पण सरकवली की वाढत जायची. तिनं लिहिलं: सोनझारी समाजातील स्त्रियांनी किमान नव्वद वर्षे या नाल्यात सराफांचा कचरा धुतला. मग नावं लिहिली. आठवतील तेवढी, सदतीस बायांची. पहिलं सुगरता नेवारे. शेवटचं दुरपता, हयात. साक्षीदाराचं नातं: मुलगी, भाची, नात. सहा वर्षांत पहिल्यांदा फॉर्म भरताना तिच्या आत काही भरून आलं. सही केली आणि पाठवला.

संध्याकाळी आकडा गोठवला गेला. अलोणेंचा फोन आला नाही. दुसऱ्याच कोणाचा आला, आणि त्या बाईनं तिला 'संबंधित व्यक्ती' म्हटलं. सोमवार पुढे ढकलला. पडताळणी लागली.

बुधवारी पराते नावाचे सरकारी पडताळणी अधिकारी आले. पन्नाशीचे, घामेजलेले, कोणाचं वाईट न चिंतणारे. नाल्याकाठच्या पळसाखाली खुर्ची टाकली गेली. चाळीस घरं जमली, पण एका बाजूला. वैजयंता दुसऱ्या बाजूला उभी होती. मधे दहा पावलांचं अंतर असेल. तिनं ते दोनदा मोजलं.

"साहेब, कॅडमियम बघा," ती म्हणाली. "डाग देण्यातलं आहे. खडकात असं येत नाही."

"प्रणालीनं बघितलंय ते. फार वजन नाही त्याला."

"मग एक भोक पाडा. आत्ता. कळेल."

परातेंनी रुमालानं मान पुसली. "बाई, भोक पाडल्यावर आकड्याला कोण विचारतं? एक लाख दहा हजार लोकांचे पैसे वाट बघतायत. माझं काम छोटं आहे. तुम्ही लिहिलंय ही तुमच्या घरची माहिती. घरचे समोर आहेत. विचारतो, संपलं." मग ते गर्दीकडे वळले. "इथे कोणी कधी सोनं धुतलं का हो?"

"नाही जी," टेकराम म्हणाला. "आमी मजुरीवाले लोक. सोनं बघतलं बी नाही."

हसू फुटलं. हाताला पाऱ्याचे चट्टे असलेल्या दोन म्हाताऱ्या पुरुषांनी हात पाठीमागे नेले.

"ह्या बाई तुमच्यातल्या आहेत म्हणतात."

"आमच्यातल्या?" टेकरामनं वैजयंताकडे नीट पाहिलं, अनोळखी माणूस पाहावा तसं. त्याला ते जड गेलं असेल तर चेहऱ्यावर आलं नाही. "नाही जी. कंपनीच्या आहेत. महिनाभरापासून थ्या डब्यात राहते, एवढं मालूम."

"तुमच्याकडे काही कागद?" परातेंनी तिला विचारलं.

कागद नव्हता. आश्रमशाळेच्या दाखल्यावर जन्मगाव गोंदिया होतं. मास्तरांनी सोयीसाठी लिहिलेलं. मायचा मृत्यू कुठेच नोंदलेला नव्हता. पुढे तिनं स्वतः नागपुरात भरलेल्या प्रत्येक फॉर्मात बापाचा धंदा शेती होता. हे सगळं परातेंच्या टॅबलेटवर होतं. ते वाचून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, कीव येऊन पाहिलं.

"आत्या आहे माझी," वैजयंता म्हणाली. "दुरपताबाई. तिला विचारा."

गर्दी थोडी बाजूला झाली. आत्या मागे दगडावर बसली होती. दोन्ही हात पदराखाली.

"आजी, ओळखता का ह्यांना?"

आत्याच्या भोवती चाळीस घरं उभी होती. त्या घरांत तिची सून होती, दोन लग्नाच्या नाती होत्या. ह्यातलं कोणी तिला धमकावलं नव्हतं, गरज नव्हती. उरलेले दिवस तिला ह्या लोकांतच काढायचे होते, आणि वैजयंताला तर गाडीनं निघून जायचं होतं. अठरा वर्षं ती निघून गेलेलीच होती. पदर थरथरत होता. वारा पडलेला होता.

"नाही जी," आत्या म्हणाली. "मी नाही वयखत."

परातेंनी लिहून घेतलं. साक्ष: ऐकीव, ओळख अप्रमाणित. चौदावा प्रश्न: नाही. खाली त्यांनीच सही केली. भूसाक्षीची साक्ष अप्रमाणित ठरली की पडताळणी अधिकाऱ्याला तो अधिकार असतो. सदतीस नावांची पुरवणी 'असंबद्ध' म्हणून निघून गेली. पाताळानं वाद मिटल्याची नोंद घेतली आणि मानवी आक्षेप फेटाळला गेला म्हणून एक टक्का वाढवून दिला. चौऱ्याऐंशी. कोणाच्या तरी फोनवर ते आधी कळलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या, टेकरामला कोणीतरी उचललं.

वैजयंताला वाटलं होतं राग येईल. आला नाही. ती उभी होती तिथेच उभी राहिली, कारण कुठल्या दिशेनं निघायचं ते पाय ठरवेनात. केबिन कंपनीची होती. परातेंनी गाडीचं दार उघडून विचारलं, "सोडू का गोंदियाला?" ती हो म्हणाली की नाही हे तिचं तिलाच कळलं नाही.

तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"बाई उनात उभ्या आहे कवाच्या. पाव्हनीले पानी द्या रे कोनी."

एक सून स्टीलचा गिलास घेऊन आली. घासून लख्ख केलेला, खाली ताटली धरून, जसा पाहुण्याला देतात तसा. वैजयंतानं तो दोन्ही हातांनी घेतला. सगळी वस्ती बघत होती. तिनं पाणी सगळं पिऊन टाकलं, गिलास ताटलीत ठेवला आणि म्हणाली, "बरं आहे, येते मी."

'येते' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणाली. ये म्हणून कोणी उत्तर दिलं नाही. ती गाडीत बसली.